सतरा नंबरची ज्योत

घरमंडळाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत बसून एक बाई सव्वीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाचत होत्या आणि त्याबद्दल त्यांना दरमहा पगार मिळत होता. दुसऱ्याची पत्रं चोरून वाचणारे गल्लोगल्ली सापडतील. टेबलावर भिंग ठेवून, राजरोस, चहाचे घोट घेत वाचणाऱ्या मात्र ह्या एकट्याच. ऑफिसात त्यांना तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'भिंगबाई'. त्यांना दोन्ही ठाऊक होतं. उलट 'भिंगबाई' कोणी जरा मोठ्याने म्हटलं की त्या दिवसभर खुशीत असत.

मंडळाच्या साडेतीनशे इमारती, सगळ्या भाड्याच्या. नळ गळाला, दार फुगलं, बाथरूममधला गॅसचा गिझर रुसला की भाडेकरू मंडळाला पत्र लिहायचे. बाई ते वाचायच्या आणि दोन ढीग करायच्या. ज्या पत्राला लाल चिमटा लागला त्या घरी त्याच दिवशी माणूस जायचा. बाकीची पत्रं सवडीच्या गठ्ठ्यात. त्यांचा नंबर पंधरा-वीस दिवसांनी लागला तरी नशीब समजायचं.

आता लाल चिमटा कोणाला लावायचा हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. ते बाईंच्या डोक्यात होतं. एका गृहस्थाने वरच्या मजल्यावरच्या सासू-सुनांच्या भांडणावर चार पानं खरडली होती. भांडण इतकं रंगतदार होतं की बाईंनी ते टपालवालीला दोनदा वाचून दाखवलं. पण पत्राच्या तळाशी, सहीच्या वर, त्या गृहस्थाने सहज लिहिलं होतं, 'बाकी ठीक. भिंतीच्या भेगेतून हल्ली सकाळी ऊन आत येतं, त्यामुळे दिवा लावावा लागत नाही.' बाईंनी तिथल्या तिथे लाल चिमटा लावला. संध्याकाळपर्यंत ती अख्खी इमारत रिकामी केली आणि सासू-सुना दोघी एकाच खोलीत राहायला गेल्या, ते निराळं.

"माणूस पहिल्या पानावर भांडतो," बाई म्हणायच्या, "आणि दुखतं कुठे ते जाता जाता सांगतो."

ह्या पत्रांत एक पाकीट दर महिन्याला यायचं. ते गोंदाने चिकटवलेलं नसायचं, बारीक टाके घालून शिवलेलं असायचं. नऊ नंबरच्या इमारतीत एक म्हातारा शिंपी एकटा राहायचा, त्याचं ते. गोंदावर पैसे घालवायचे कशाला, दोरा घरचाच आहे, असा त्याचा हिशेब. पत्राचा मायना 'पत्र वाचणाऱ्या बाईंना' असा. तक्रार कधी असायची, कधी नसायची. एकदा त्याने भिंतीच्या ओलीबद्दल लिहिलं आणि तिचा रंग नीट कळावा म्हणून दोऱ्यांचं पत्रक सोबत शिवून पाठवलं. साठ दोऱ्यांचे साठ तुकडे आणि प्रत्येकाखाली नंबर. 'ओल एकतीस नंबरची आहे,' असं लिहिलेलं. बाईंनी पत्रक उघडून पाहिलं, एकतीस म्हणजे शेवाळी. तेव्हापासून शिंपी रंगाचं नाव म्हणून लिहायचा नाही. नंबर लिहायचा. बाई खणातून पत्रक काढायच्या आणि लावून बघायच्या.

टपालवाली डोळे मिचकावायची. "आलं हो शिवलेलं पाकीट! बाई, एकदा बघून तरी या म्हातारबांना. उगाच झुरतील."

"माप घेण्याच्या निमित्ताने बोलावतील, ठाऊक आहे मला," बाई म्हणायच्या आणि सगळे हसायचे. पण सव्वीस वर्षांत बाई कधी तिकडे फिरकल्या नाहीत. शिंपीही कधी आला नाही. ते पत्रात होतं तेच बरं होतं.

मग भाचा आला.

भाचा म्हणजे बाईंच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण लवकर गेली. पोर सहा वर्षांचं होतं तेव्हापासून बाईंच्या हातचं खाऊन वाढलं. बाईंनी लग्न केलं नाही त्याला हे कारण, असं त्या सांगत. दुसरं कारणही होतं म्हणतात, पण ते कारण आपणहून दुसरीकडे बोहल्यावर चढलं, तेव्हा तो विषय सोडून देऊ. भाचा शिकला, संगणकात तरबेज झाला आणि मंडळात लागला. शब्द बाईंनीच टाकला होता. त्याच्या पहिल्या दिवशी बाईंनी अख्ख्या मजल्याला चहा पाजला.

मंडळाच्या मोठ्या साहेबांना सगळे टाचणीसाहेब म्हणत. कोटाच्या कॉलरला कायम दोन टाचण्या आणि बोलणंही तसंच. त्यांनी भाच्याला काम दिलं की पत्रं यंत्राने निवडायची. खालच्या मजल्यावर पत्राचा फोटो घ्यायचा, यंत्र त्यातली अक्षरं ओळखणार, आणि ठराविक शब्द पत्रात आहेत का हे प्रोग्राम तपासणार. असले की लाल, नसले की सवड. सुरुवात गॅसपासून. कारण त्यात माणूस दगावतो.

भाचा रात्री जेवताना म्हणाला, "मावशी, गॅसचं पत्र तू कशावरून ओळखतेस? शब्द सांग बघू."

बाईंना परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. "गॅस," त्या म्हणाल्या. "वास. आणि गळती."

"झालं? एवढ्यासाठी सव्वीस वर्षं?"

"आणखी वाढू का भात?" बाई म्हणाल्या. पण त्याने विचारलं म्हणून मनातून सुखावल्या होत्या.

भाच्याने लिहिलेला पहिला प्रोग्राम असा होता की तिन्हींपैकी कोणताही एक शब्द सापडला तरी पत्र लाल. पहिल्याच दिवशी दोनशे पत्रांपैकी एकशे नव्वद लाल निघाली. सगळी फिटरमंडळी डोक्याला हात लावून बसली. कारण शोधता शोधता भाच्याला घाम फुटला. जो तो पत्राची सुरुवात 'मी अमुक इमारतीतील रहिवासी' अशी करायचा, आणि यंत्राला रहिवाशाच्या पोटातही 'वास' सापडायचा. ऑफिसात आठवडाभर एकच चेष्टा. कोणी खोलीत शिरलं की दुसरा नाक धरायचा, "आला, रहिवासी आला!"

भाचा म्हणाला, "साहेब, अख्खा शब्द जुळवायला लागेल. चार दिवस द्या."

टाचणीसाहेबांकडे चार दिवस नव्हते. "कोणताही एक कशाला? तिन्ही शब्द असले तरच लाल करा. सगळे. एक जरी नसला तरी सवड."

ते काम अर्ध्या मिनिटाचं होतं. 'कोणताही'च्या जागी 'सगळे'. दुसऱ्या दिवशी दोनशेत सहा पत्रं लाल निघाली आणि सहाही खरी. टाचणीसाहेबांनी कॉलरची एक टाचणी काढून पुन्हा लावली. त्यांचा आनंद तेवढाच असायचा.

आता परीक्षा घ्यायची ठरली. बाईंनी जुन्या दप्तरातून गॅसची म्हणून लाल चिमटा लागलेली पत्रं काढून द्यायची आणि प्रोग्रामने ती ओळखायची. बाईंनी बावन्न पत्रं काढली. आदल्या दिवशी दुपारी त्या ती चाळत बसल्या होत्या, तेव्हा वरच्यांपैकी दोघे साहेब खोली बघायला आले. भाचा त्यांना सगळं दाखवत होता. जाता जाता तो बाईंकडे वळून, सगळ्यांदेखत, हसून म्हणाला, "बाई, तुम्ही आता आराम करा. हे काम आता यंत्र बघेल."

घरी 'मावशी, तू'. आणि इथे 'बाई, तुम्ही'. ऑफिसची रीत म्हणून म्हणाला असेल. पण बाईंच्या मनाला ते असं काही लागलं, की साहेब गेल्यावर त्यांनी त्या बावन्न पत्रांतली दोन पत्रं काढली आणि खणात, दोऱ्यांच्या पत्रकाखाली, सारून ठेवली.

ती दोन कुठली, हे त्यांना नीट माहीत होतं. एक होतं एका आईचं. 'थंडीत मुलं अंघोळ करून आली की ताटावरच पेंगतात,' असं लिहिलेलं. दुसरं एका जोडप्याचं. दोघांचं डोकं दुखतं आणि मांजरही ओकतं, एवढंच. दोन्हींत ना गॅस, ना वास, ना गळती. गिझरचं धुराडं तुंबलं की जी हवा खोलीत साठते तिला वासच नसतो. माणसाला कळत नाही, नुसती झोप येते. बाईंनी ती दोन्ही पत्रं त्या काळी वाचली आणि फिटरला जेवणावरून उठवून पाठवलं होतं. सहा जीव वाचले होते, मांजर धरून.

ती दोन पत्रं परीक्षेत असती तर प्रोग्राम दोनदा नापास झाला असता. बाईंना तो नापास व्हायला हवाच होता, पण असा नव्हे. नंतर, पुढे कधीतरी. कोणाचा तरी साधासा गिझर बंद पडेल, यंत्र गोंधळेल, सगळे जिना चढून वर येतील आणि भाचा म्हणेल, मावशी, तूच बघ. एवढीच त्यांची इच्छा होती. माणसाचा रुसवा फार मोठा नसतो हो. त्या रुसव्याच्या पुढ्यात कोण येतं यावर सगळं असतं.

प्रोग्राम पन्नासपैकी पन्नास पास झाला. टाळ्या पडल्या. बाईंनीही वाजवल्या.

त्यांना दप्तरखान्यात टेबल मिळालं. जुन्या खणातलं सामान त्यांनी तसंच नव्या खणात ठेवलं. सवडीची पत्रं गठ्ठे बांधून तिथेच यायची आणि नंबर लागेपर्यंत पडून राहायची. बाईंच्या खुर्चीपासून हात लांब केला की लागतील अशी. त्यांना हात लावू नका असं कोणी सांगितलेलं नव्हतं. बाईंनीच ठरवलं होतं, नाही वाचणार. तुमच्या यंत्राने वाचलंय ना? मग झालं तर. त्या जुन्या फायलींना नंबर घालायच्या आणि गठ्ठ्याकडे पाठ करून बसायच्या. टपालवाली एकदा डोकावून म्हणाली, "बाई, करमत नसेल." बाई म्हणाल्या, "छे, आराम करायला सांगितलंय मला."

थंडी वाढली. एका मंगळवारी झाडूवाल्याने गठ्ठा सरकवला, सुतळी तुटली आणि पत्रं जमिनीवर सांडली. पुटपुटत बाई ती गोळा करायला वाकल्या. एका पाकिटातून दोरा लोंबत होता.

नऊ दिवसांपूर्वीची तारीख. बाईंनी तिथेच, जमिनीवर बसून पत्र वाचलं.

'पत्र वाचणाऱ्या बाईंना नमस्कार. मी नऊ नंबरच्या इमारतीतला जुना रहिवासी. यंदा थंडी फार. बाथरूमच्या खिडकीच्या फटी मी चिंध्या शिवून बुजवल्या आहेत. मंडळाने रागावू नये, काम सफाईचं आहे. अंघोळीच्या दिवशी डोकं जड होतं, खाली रस्त्यावर गेलं की हलकं होतं. वय झालं, दुसरं काय. एक गंमत सांगतो. गिझरची ज्योत इतकी वर्षं ४२ नंबर होती, हल्ली १७ नंबर झाली आहे. दिसायला छान दिसते. तक्रार काही नाही. आपण बऱ्या असाल.'

अक्षर कसं, तर शिवणीसारखं सरळ. यंत्राने एकही अक्षर चुकीचं ओळखलं नव्हतं. तीनपैकी एक शब्द सापडला होता, तोही रहिवाशाच्या पोटातला.

बाईंना पत्रक बघायची गरज नव्हती, तरी त्यांनी खण उघडून बघितलं. बेचाळीस निळा. सतरा पिवळा. पत्रकाखाली ती दोन पत्रंही होतीच. चांगल्या गिझरची ज्योत निळी असते. पिवळी झाली की हवा कोंडली समजायचं, आणि ह्या माणसाने तर होती ती फटही शिवून टाकली होती.

फोन करायचं भान त्यांना जिना उतरल्यावर आलं, तेव्हा त्या रस्त्यावर होत्या. पायात ऑफिसात बसताना घालायच्या सपाता. सव्वीस वर्षांत ज्या घराचा पत्ता त्यांनी शेकडो वेळा वाचला, तिथे त्या पहिल्यांदा निघाल्या होत्या. बसमध्ये त्या मनातल्या मनात वार मोजत होत्या. म्हातारा अंघोळ कधी करतो? 'अंघोळीच्या दिवशी' म्हणजे रविवार असणार. मधे एक रविवार गेला. एक का दोन?

नऊ नंबरच्या जिन्यावर एक शेजारीण फरशी पुसत होती.

"शिंपीकाकांकडे? कोण तुम्ही, नात्यातल्या?"

"मंडळातली."

"मग उशिरा आलात." तिने फडकं पिळलं. "काल नेलं त्यांना. रविवारी अंघोळीला गेले ते तिथेच. मशीनचा आवाज नाही म्हणून आम्ही दार वाजवलं. झोपल्यासारखे होते हो. मी म्हटलं, इतकं छान मरण येतं का कोणाला, विश्वास बसत नाही." मग तिने बाईंच्या पायांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पाणी देऊ का?"

घर उघडंच होतं. मंडळाचा फिटर गिझर उतरवून बसला होता. त्याने बाईंना ओळखलं. जेवणावरून उठवून पाठवायच्या त्यातलाच तो. "धुराड्यात पाखराचं घरटं," तो म्हणाला. "दहा मिनिटांचं काम होतं, बाई. मला पाठवलं असतं तर दहा मिनिटांचं."

बाई खिडकीपाशी गेल्या. खिडकीच्या फटीत चिंध्यांची पट्टी बसवली होती. कडा दुमडून, आतून टीप घालून, कोपरे काटकोनात. खरंच, काम सफाईचं होतं. भिंतीवर रिळं ओळीने खिळ्यांना लावलेली होती आणि प्रत्येकाखाली नंबर. मशीनशेजारी कागद, पेन आणि नवीन शिवलेलं एक रिकामं पाकीट होतं. तीन बाजू शिवलेल्या, चौथी उघडी.

चौकशी झाली. टाचणीसाहेबांनी पत्राला टाचणी लावली आणि शेरा मारला, 'भाडेकरूने स्वतःच तक्रार काही नाही असे लिहिले आहे.' प्रकरण मिटलं. भाच्याला कोणी बोललं नाही. बाईंनाही कोणी काही विचारलं नाही. बाईंनी तोंड मिटून ठेवलं असतं तर जगाच्या अंतापर्यंत कोणाला काही कळलं नसतं, आणि भाच्याची नवी नोकरीही सुखरूप राहिली असती. तीन दिवस त्या जेवल्या नाहीत. भाचा म्हणायचा, "मावशी, तुझी काय चूक? चूक असलीच तर माझी. मी 'सगळे' लिहिलं." तो रात्रभर कूस बदलायचा ते बाईंना भिंतीपलीकडून ऐकू यायचं. आणि तेच त्यांना सोसेना.

चौथ्या दिवशी त्यांनी जेवणाच्या टेबलावर ती दोन पत्रं ठेवली.

"हे काय?"

"परीक्षेला बावन्न होती," बाई म्हणाल्या. "मी पन्नास दिली."

भाच्याने पत्रं वाचली. हळूहळू, दोनदा. मुलं पेंगतात, मांजर ओकतं. त्याला कळायला वेळ लागला नाही, हुशार होता. वाढलेलं ताट त्याने बाजूला सारलं.

"का?"

बाईंना सांगायचं होतं, तू मला 'तुम्ही' म्हणालास म्हणून. पण एक माणूस मेल्यावर ते कारण इतकं लहान झालं होतं की तोंडातून निघेना. "रागाने," एवढंच म्हणाल्या.

भाचा म्हणाला, "तुम्ही मला सांगायला हवं होतं."

घरात, स्वतःच्या टेबलाशी, तो 'तुम्ही' म्हणाला. त्याच्या लक्षातही आलं नसेल. बाईंनी खाली बघितलं आणि ताट उचललं.

सकाळी तो ती दोन पत्रं घेऊन टाचणीसाहेबांकडे गेला. बाईही मागोमाग गेल्या, सगळं स्वतः सांगायला. साहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि पत्रं परत पुढे सरकवली. "पन्नासपैकी पन्नास वर कळवून झालंय. ही घरी न्या. प्रकरण मिटलेलं आहे." शिक्षाही नाही. बाई शिक्षेच्या आशेने गेल्या होत्या, ती सुद्धा मिळाली नाही.

भाचा दप्तरखान्यात आला. शब्दांची यादी उघडून बसला. डोकं, झोप, पेंग, मांजर, खिडकी, एकेक घालत गेला. ह्यातला कोणताही एक सापडला तरी पत्र माणसाने वाचायचं, असं त्याने साहेबांना न विचारता लिहिलं. मग थांबला.

"त्या पत्रात सतरा होतं ना? आकडा?"

"ते नको घालू रे," बाई म्हणाल्या. "सतरा म्हणजे पिवळी, असं दुसरं कोणी नाही लिहिणार. लिहिणारा गेला."

त्याने तरी १७ घातलं.

त्याचं व्हायचं तेच झालं. सतरा नंबरच्या घरातलं प्रत्येक पत्र, नळ गळो की दार फुगो, बाईंच्या टेबलावर येऊ लागलं. आणि महिन्याच्या सतरा तारखेला तर कहरच. त्या दिवशी लिहिलेल्या सगळ्याच पत्रांवर १७, त्यामुळे एकूण एक पत्र हाताने वाचायला वर येतं. टपालवाली टोपली आदळते. "हा कुठला नियम काढलाय तुमच्या भाच्याने?" टाचणीसाहेबांनी दोनदा लेखी विचारलं. भाच्याने दोनदा उत्तर दिलं, 'सुरक्षेसाठी.' तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

त्या दिवसांत बाई सकाळी लवकर येतात. भिंग पुसतात, पत्रक खणातून काढून शेजारी ठेवतात. भाचा दुपारी चहा आणून देतो. "दमलात का?" विचारतो. बाई मान हलवतात. मग पुढचं पत्र घेतात आणि पहिलं पान बाजूला ठेवून आधी शेवटच्या ओळी वाचतात. सगळी पाकिटं गोंदाने चिकटवलेली असतात, तरी उघडायच्या आधी त्या प्रत्येकाच्या कडेवरून एकदा बोट फिरवून बघतात.